अर्धा गट पिवळा, अर्धा हिरवा: प्लॉटिंगची मंजुरी आणि झोनबदल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या नावचा १ हेक्टर २० आरचा गट. गाव काही वर्षांपूर्वी ड वर्ग महापालिकेत आलं. मंजूर विकास आराखड्यात त्यातले अंदाजे ७० आर पिवळ्यात, म्हणजे रहिवास विभागात, आणि ५० आर हिरव्यात, म्हणजे शेती विभागात पडले. पिवळ्या भागातून १८ मीटरचा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यात आखलेला रस्ता, जातो. तुम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. प्लॉट पाडून विकायचा विचार आहे. एक एजंट म्हणतो, "सगळा गट पिवळा करून देतो, आठ महिन्यांत. आधी टोकन द्या आणि कुलमुखत्यारपत्रावर सही करा." द्यावं का, आणि महापालिका हे सगळं तपासते तरी कसं?

टोकन देऊ नका. कुलमुखत्यारपत्र तर मुळीच नाही. आता कारण सांगतो, ते जरा लांब आहे.

मी नगररचना विभागात रचना सहायक म्हणून लागलो आणि नगररचनाकार म्हणून निवृत्त झालो. आता लोकांच्या फाइली घेऊन त्याच टेबलांसमोर उभा राहतो, त्यामुळे खुर्ची आणि बाक दोन्हींवरून हा खेळ पाहिला आहे. तुमच्या प्रश्नात मुळात दोन वेगळे अर्ज आहेत आणि एजंटने त्यांची गाठ मारून ठेवली आहे. पिवळ्या भागात प्लॉट पाडायला मागायची ती रेखांकनाची मंजुरी. हिरव्याचं पिवळं करा म्हणून मागायचा तो झोनबदल. पहिल्यात तुम्ही नियम पाळले तर महापालिकेला नाही म्हणायला जागा फारच थोडी असते. तो तुमचा हक्क आहे. दुसऱ्यात तुम्ही विनंती करता की शहराचा नकाशाच बदला. तो बदलायचा की नाही हे शेवटी शासन ठरवतं, आणि नाही म्हटलं तर तुमचा काही हक्क बुडाला असं होत नाही. ज्या गोष्टीवर हक्क नाही तिची कोणी मुदत सांगून हमी देत असेल, तर तो एकतर कायदा जाणत नाही किंवा फार चांगला जाणतो.

आधी हक्काचं बघू.

रेखांकनाचा अर्ज महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली होतो आणि निर्णय कलम ४५ खाली. नियम कोणते, तर एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. ती डिसेंबर २०२० पासून बृहन्मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडून राज्यभर लागू आहे. त्याआधी प्रत्येक शहराची नियमावली वेगळी होती. एका शहरातला आर्किटेक्ट दुसऱ्या शहरात गेला की नवशिका व्हायचा. नव्या नियमावलीवर माझे आक्षेप आहेत, पण एक गोष्ट चांगली झाली: आता नियम काय हे साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारावं लागत नाही.

अर्ज करण्याआधी चार कागद गोळा करा. चालू सातबारा, त्यावरचे सगळे फेरफार, महापालिकेकडून झोन दाखला व भाग नकाशा, आणि भूमी अभिलेखची मोजणी. यातला सातबारा लोक सर्वांत जास्त मानतात आणि माझ्या मते सर्वांत जास्त फसवतो तोच. वडील हयात आहेत की वारस लावायचे आहेत हे तुम्ही लिहिलेलं नाही. वारस लागणार असतील तर बहिणीचं नाव लागलंच पाहिजे. "ताईचं काही म्हणणं नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, आणि तीच ताई तीन वर्षांनी दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम घेऊन आलेली पाहिली आहे. तिला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र, नाहीतर अर्जावर तिची सही. शिवाय इतर हक्काच्या रकान्यात काय आहे ते बघा. भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), कुळ कायद्याचं कलम ४३, वतन, पुनर्वसनाचा शेरा, यातलं काहीही असलं तर आधी महसूल खात्याची परवानगी. नगररचनाची फाइल त्याशिवाय हलत नाही.

मोजणी मात्र खरी. माझ्याकडे आलेल्या एका फाइलीत सातबाऱ्यावर जितकं क्षेत्र होतं त्यापेक्षा जागेवर तब्बल चौदा गुंठे कमी भरले. शेजाऱ्याने बांध कोरला होता, थोडं क्षेत्र जुन्या रस्त्यात गेलं होतं, आणि मालकाने प्लॉट आधीच कागदावर विकले होते. सातबारा, मोजणी आणि प्रत्यक्ष ताबा या तिघांत जे सर्वांत कमी क्षेत्र, त्यावरच रेखांकन होतं असं समजून चाला. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे हद्दी दाखवणारा मोजणीचा नकाशा, हातात येईपर्यंत आर्किटेक्टला एक रेघही ओढू देऊ नका.

आता तुमच्या ७० आरचा हिशेब करू, कारण एजंटची सगळी गणितं इथेच कोसळतात. पिवळा भाग ७,००० चौरस मीटर. त्यातून १८ मीटरचा डीपी रस्ता जातो. तो तुमच्या गटात ६० मीटर लांब आहे असं धरलं तर १,०८० चौरस मीटर गेले. हा रस्ता फुकट जात नाही, ते पुढे सांगतो, पण प्लॉट म्हणून विकता येत नाही. उरले ५,९२०. डीपी रस्ता वजा जाता क्षेत्र ४,००० चौरस मीटर किंवा जास्त असलं की १० टक्के खुली जागा सोडावी लागते, म्हणजे ५९२. आतला रस्ता १५० मीटर लांबीपर्यंत ९ मीटर रुंद लागतो, त्याहून लांब असेल तर निदान १२. तो ११० मीटर धरला तर ९९० चौरस मीटर. उरले ४,३३८. त्यात ट्रान्सफॉर्मरची जागा काढा. विकायला राहिले साधारण ४,३०० चौरस मीटर, म्हणजे ७,००० च्या ६१ टक्के. एजंट लोक तोंडी ७५ ते ८० टक्के धरून भाव सांगतात. त्यांच्या पत्रिकेत रस्ते नेहमी बारीक असतात.

२०,००० चौरस मीटरपेक्षा मोठी जमीन असती तर ५ टक्के सुविधा क्षेत्र वेगळं सोडावं लागलं असतं, जिथे दवाखाना, शाळा, बाजार असं काही होतं. तुम्ही त्यातून वाचलात. पुण्यासारख्या शहरांत पूर्वी हे १५ टक्के होतं आणि त्यासाठी क्षेत्राची मर्यादाही खूप खाली होती. यूडीसीपीआरने ती सवलत दिली तेव्हा बिल्डरांनी पेढे वाटले असतील. मला मात्र पंधरा वर्षांनी त्या वसाहतींत राहणाऱ्यांची काळजी वाटते. असो. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांत मोठ्या रेखांकनात २० टक्के क्षेत्र छोट्या प्लॉटांसाठी ठेवावं लागतं. तुमच्या ड वर्गाच्या शहराला बहुधा ते लागणार नाही, तरी आर्किटेक्टला विचारा.

अर्ज आता ऑनलाइन जातो. परवानाधारक आर्किटेक्ट किंवा अभियंता नकाशा ठरावीक रूपात चढवतो, संगणक रस्त्याची रुंदी, खुली जागा, प्लॉटची मापं तपासून अहवाल देतो. यामुळे भ्रष्टाचार संपला असं कोणी म्हणत असेल तर त्याला नमस्कार. पण एक फरक पडला. मापं कमी भरली की पूर्वी "जरा बघून घ्या" चालायचं, आता संगणक लाल रेघ मारतो आणि ती पुसायला निदान लेखी कारण लागतं.

संगणक जे पाहू शकत नाही ते म्हणजे जागा. म्हणून रचना सहायक किंवा कनिष्ठ अभियंता स्थळपाहणीला येतो. माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्या टिपणीवर एक रेखांकन मंजूर झालं. मी जागेवर मे महिन्यात गेलो होतो. बांधालगत कोरडी चर दिसली. शेतकरी म्हणाला, "पाटाची चारी आहे साहेब, आता पाणी येत नाही." मी मान डोलावली. ऑगस्टमध्ये ती चर नाला झाली आणि कडेच्या सात प्लॉटांत गुडघाभर पाणी. नंतर जुना गावनकाशा उघडला तर तो नाला दोन रेघांनी स्वच्छ दाखवलेला होता. मी फक्त आराखड्याचा भाग नकाशा पाहिला होता. तेव्हापासून पाहणीला जाताना गावनकाशा पिशवीत असायचाच, आणि हाताखालच्या पोरांना सांगायचो की पावसाळ्यात एकदा जागेवर जाऊन या, भलेही फाइल महिनाभर थांबो. तुमच्या गटाजवळ ओढा असेल तर पाटबंधारे खात्याची पूररेषा मागून घ्या. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत घर नाही. दोन रेषांच्या मध्ये जोत्याची उंची पाळून बांधकाम करता येतं. डोंगरउतार १:५ किंवा त्याहून उभा असेल तर तोही गेला.

पाहणीनंतर त्रुटीपत्र येतं. ते अपमान समजू नका. एकाच पत्रात सगळ्या त्रुटी आल्या तर ते खातं चांगलं आहे. दर पंधरा दिवसांनी एक नवी त्रुटी काढणारं टेबल असेल तर लेखी विचारा: आणखी काही बाकी आहे का? कलम ४५ प्रमाणे ६० दिवसांत निर्णय कळवायचा असतो, नाहीतर परवानगी मिळाली असं मानलं जातं. लोकांना हे वाक्य पाठ असतं आणि पुढचं माहीत नसतं. ते ६० दिवस अर्ज पूर्ण मिळाल्यापासून किंवा शेवटच्या त्रुटीला उत्तर दिल्यापासून मोजतात, आणि मानीव परवानगीसुद्धा नियमाला धरून असलेल्या प्रस्तावालाच. म्हणजे प्रत्येक त्रुटीपत्र घड्याळ पुन्हा शून्यावर आणतं. मानीव परवानगीच्या भरवशावर रस्ता खोदायला घेतलेले दोघेजण माझ्या माहितीत आहेत. दोघांनाही नंतर कोर्टात पैसा घालावा लागला. नकार आला तर त्यात कारणं लिहिलेली असली पाहिजेत, आणि कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. तो मार्ग लोक फार कमी वापरतात. नकाराच्या कागदापेक्षा नगरसेवकाच्या बैठकीवर त्यांचा विश्वास जास्त.

सगळं जुळलं की येते ती तात्पुरती मंजुरी. इथे सर्वांत मोठा घोटाळा होतो. तात्पुरती मंजुरी म्हणजे, "या नकाशाप्रमाणे जागेवर आखणी करा आणि भूमी अभिलेखकडून मोजून आणा." बस. त्यानंतर प्लॉट, रस्ते, खुली जागा दगड घालून आखायची, मोजणी करायची, त्या मोजणीवर अंतिम रेखांकन मंजूर होतं, विकास शुल्क भरायचं, मग आकारफोड, म्हणजे गटाचं क्षेत्र आणि आकार प्लॉटवार विभागून, प्रत्येक प्लॉटचा वेगळा उतारा निघतो. लोक तात्पुरत्या मंजुरीचा रंगीत नकाशा छापून बुकिंग घेतात. अंतिम मोजणीत प्लॉट नंबर ११ चा अर्धा भाग रस्त्यात जातो आणि खरेदीदार तुमच्या दारात. शिवाय तुमचं क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा कितीतरी जास्त आहे, म्हणून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, नोंदणी झाल्याशिवाय जाहिरात करता येत नाही आणि बुकिंगचा एक रुपयाही घेता येत नाही. व्हॉट्सॲपवरचं पत्रकही जाहिरातच.

अकृषिक परवानगीचं काय? तुमचा पिवळा भाग मंजूर आराखड्यात रहिवास विभागात असल्यामुळे जमीन महसूल कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची जुन्या पद्धतीची वेगळी अकृषिक परवानगी लागत नाही. शासनाची ठरलेली रक्कम तेवढी भरायची. "एनए झालंय" असं सांगून प्लॉट विकणारे आजही भेटतात, जणू एनए म्हणजेच मंजुरी. ते महसुलाचं काम आहे, त्याने रस्ता नऊ मीटर आहे की चार हे ठरत नाही.

खुल्या जागेबद्दल एक सांगायचंच आहे. ती मंजुरीची अट असते, आणि प्लॉटधारकांच्या सामायिक उपयोगाची आहे असं लिहून द्यावं लागतं. तरी वीस वर्षांनी मूळ मालकाच्या मुलाला ती "आमची शिल्लक जागा" वाटते. तिथे आधी पत्र्याची शेड, मग कार्यालय, मग 'प्लॉट नंबर २५-अ'. बेंगळुरूत बागेसाठी राखलेल्या जागेवर खासगी रुग्णालय करायला दिलं गेलं तेव्हा आजूबाजूचे रहिवासी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढले आणि १९९१ मध्ये न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. रुग्णालय चांगली गोष्ट नाही का, हा युक्तिवाद तिथे टिकला नाही. तुम्ही स्वतः विकणारे आहात म्हणून सांगतो: खुली जागा गटाच्या कोपऱ्यात, नाल्याच्या कडेला ढकलू नका. मधोमध, रस्त्याला लागून ठेवा. प्लॉटला भाव त्याने येतो, आणि अतिक्रमण करायला कोणी धजत नाही कारण सगळ्यांच्या खिडक्या तिकडे असतात.

डीपी रस्त्याच्या जागेचा मोबदला तुम्ही पैशात, त्याच जागेवर जादा चटईक्षेत्रात (म्हणजे जादा बांधकामाच्या हक्कात) किंवा टीडीआरमध्ये, म्हणजे दुसऱ्याला विकता येणाऱ्या बांधकामाच्या हक्कात, घेऊ शकता. लहान शहरात टीडीआरला गिऱ्हाईक आहे का हे आधी विचारून मगच निवडा.

आता हिरव्या ५० आरकडे वळू.

मंजूर आराखड्यातला झोन बदलायचा तर कलम ३७. पद्धत अशी आहे. तुमच्या अर्जावर नगररचना विभाग अभिप्राय लिहितो. आयुक्त प्रस्ताव महासभेपुढे ठेवतात. महासभेने ठराव केला तर राजपत्रात आणि वर्तमानपत्रांत सूचना निघते, एक महिना हरकती-सूचना घेतात, ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना नोटीस आणि सुनावणी देतात. मग प्रस्ताव शासनाच्या नगरविकास विभागाकडे जातो, तिथून संचालक नगररचना, पुणे यांच्या कार्यालयाचा सल्ला घेतला जातो, आणि शेवटी अधिसूचना निघते किंवा नकार. हा सगळा प्रवास नियमात बसवला तरी आठ महिन्यांत होत नाही. माझ्या नोकरीत एका गटाचा झोनबदल दोन वर्षांच्या आत पूर्ण झालेला मी पाहिला नाही, आणि बरेच जिथे होते तिथेच पडून राहिले. २०२२ नंतर बऱ्याच महापालिकांत निवडून आलेली महासभा नव्हती, प्रशासकच ते अधिकार वापरत. त्या काळात काही प्रस्ताव झटपट पुढे गेले. बहुधा तुमच्या एजंटने तेच दिवस पाहून "आठ महिने" म्हटलं असेल.

कलम ३७ मध्ये एक अट आहे जी कोणी सांगत नाही: फेरबदल असा हवा की त्याने आराखड्याचं मूळ स्वरूप बदलू नये. म्हणून अभिप्राय लिहिताना मी सर्वांत आधी नकाशावर गटाभोवतीचं क्षेत्र पाहायचो. तुमच्या हिरव्या तुकड्याच्या तीन बाजूंना पिवळं असेल, त्याला रुंद रस्ता लागत असेल, पाणी आणि ड्रेनेजच्या वाहिन्या पोहोचल्या असतील, तर म्हणता येतं की रेघ ओढताना गट मध्येच कापला गेला, ती गटाच्या हद्दीपर्यंत सरकवणं तर्काला धरून आहे. पण हिरव्या पट्ट्याच्या मध्यभागी एकच पिवळा ठिपका मागत असाल, तर शेजारचा उद्या तेच मागेल, आणि परवा त्या पट्ट्याला अर्थच उरणार नाही. हिरवा पट्टा कशासाठी ठेवला हेही महत्त्वाचं. काही ठिकाणी तो नुसता "पुढच्या वीस वर्षांत एवढ्या घरांची गरज नाही" म्हणून असतो, तिथे शासन ऐकतं. ओढा, पूररेषा, डोंगर यांसाठी असेल तर ऐकत नाही आणि ऐकूही नये. पुण्यात समाविष्ट गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण ९७८ हेक्टरांचं. तिथल्या जमीनमालकांनी वर्षानुवर्षं दारं ठोठावली, टेकडी काही पिवळी झाली नाही. त्या मालकांना वेळेत मोबदला मिळायला हवा होता, हे माझं मत वेगळं.

मंजुरी मिळालीच तर शासन सहसा अधिमूल्य, म्हणजे प्रीमियमची रक्कम, आकारतं आणि सार्वजनिक सुविधेसाठी जागा सोडायची अट घालतं. म्हणजे तुमच्या ५० आरवर पुन्हा ७० आरसारखाच हिशेब करा, त्यातून अधिमूल्य वजा करा, दोन-तीन वर्षांचं व्याज वजा करा आणि एजंटची टक्केवारीही वजा करा. मग उरलेला आकडा आजच्या शेतजमिनीच्या भावाशी ताडून पाहा. बऱ्याचदा फरक इतका थोडा निघतो की माणूस हसतो.

तुम्ही एक संधी हुकवली असावी, ती सांगतो म्हणजे पुढच्या पिढीला उपयोगी पडेल. आराखडा प्रारूप म्हणून प्रसिद्ध होतो तेव्हा कलम २६ खाली लोकांकडून ठरावीक मुदतीत हरकती आणि सूचना मागवतात. त्या वेळी साध्या कागदावर, भाग नकाशा जोडून, "माझा गट मध्येच कापला आहे, रेघ गटाच्या हद्दीवर घ्या" असं लिहून द्यायला एक पैसाही लागत नाही. स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले तज्ज्ञ अशी नियोजन समिती सुनावणी घेते. तुमच्यासारखी विनंती तिथे मान्य होण्याची शक्यता कलम ३७ पेक्षा कितीतरी जास्त, कारण तेव्हा नकाशा ओलाच असतो. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या प्रारूप आराखड्यावर ८७ हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या, आणि पुढे तो आराखडा शासनाने स्वतःच्या हाती घेऊन २०१७ मध्ये मंजूर केला. गर्दी एवढी असते, तरी तोच योग्य दरवाजा. आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो, कलम ३८. महापालिकेने सुधारणेचा इरादा जाहीर केला की लक्ष ठेवा.

गोव्यातल्या एका वाचकानेही मागे विचारलं होतं, तिथे झोन म्हणे सहज बदलतात. तिथल्या नगरनियोजन कायद्यात प्रादेशिक आराखड्यातल्या नजरचुका सुधारायच्या नावाखाली कलम १७(२) आलं आणि त्यातून एकेका सर्व्हे नंबरचे झोन बदलू लागले. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यासाठीचे नियम रद्द ठरवले. चूक दुरुस्त करणं आणि एकेका मालकासाठी नकाशा बदलणं या दोन्हींत फरक आहे, आणि तो कोर्टाला कळतो. झटपट झालेला झोनबदल तितकाच झटपट कोर्टात अडकतो, हे एजंटच्या हिशेबात नसतं.

"मग हिरव्या भागाचे दोन-तीन गुंठ्यांचे तुकडे करून विकू का, सगळेच विकतात" असा पुढचा प्रश्न येणार, म्हणून आधीच उत्तर देतो. १२ जुलै २०२१ ला नोंदणी महानिरीक्षकांनी मंजूर रेखांकनाशिवाय असे दस्त नोंदवू नका असं परिपत्रक काढलं. मे २०२२ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने ते रद्द केलं. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान शेतजमिनीचा तुकडा पाडता येत नाही ते क्षेत्र, बहुतेक जिल्ह्यांत बागायत १० आणि जिरायत २० गुंठे झालं. मंजुरीशिवाय पाडलेले प्लॉट नियमित करणारा गुंठेवारी कायदा २००१ चा, आणि त्यातली मुदत २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. एवढ्या सगळ्या बदलांत लोकांनी एकच अर्थ काढला आहे: आज पाडा, उद्या नियमित होईल. दस्त नोंदला गेला, अगदी नियमितही झाला, तरी त्या दोन गुंठ्यांवर घराचा नकाशा मंजूर करताना महापालिका रस्ता, झोन आणि क्षेत्र पुन्हा पाहतेच. घेणारा गरीब असतो. त्याला बँकेचं कर्ज मिळत नाही, नळ मिळत नाही, आणि मुंबई-पुण्यात कष्ट करून आणलेला पैसा शेती विभागात अडकतो. तुम्ही विकू शकाल. मी विकू नका म्हणेन.

हिरव्या ५० आरमध्ये आज कायदेशीर करता येण्यासारखं बरंच असतं. शेती, रोपवाटिका आहेच, आणि नियमावलीत शेती विभागात काही मर्यादित बांधकामं, उदाहरणार्थ फार्महाऊस, ठरलेल्या क्षेत्रावर आणि थोड्या चटईक्षेत्राने चालतात. तुमचा हिरवा भाग गावठाणाच्या हद्दीजवळ असेल तर ते आर्किटेक्टला आवर्जून सांगा. गावठाणालगतच्या जमिनींना काही ठिकाणी वेगळी वागणूक मिळते, आणि ती मिळाली तर झोनबदलाची गरजच पडत नाही. कित्येकदा लोक महिनोन्‌महिने मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवतात आणि उत्तर नियमावलीतल्या एका परिच्छेदात असतं.

माझा सल्ला असा. पिवळ्या भागाचं रेखांकन एकट्याने पुढे न्या, हिरव्याच्या भानगडीत ते अडकवू नका. मात्र आखताना आतला रस्ता हिरव्या भागाच्या हद्दीपर्यंत नेऊन सोडा, शेवटी प्लॉट टाकून तोंड बंद करू नका. उद्या कधी हिरवा पिवळा झाला तर त्याला वाट असेल, नाही झाला तर ट्रॅक्टर जाईल. कलम ३७ चा अर्ज करायचाच असेल तर तो तुमच्या नावाने, साध्या कागदावर, आवक क्रमांक घेऊन करा आणि विसरून जा. कुलमुखत्यारपत्र देऊन दुसऱ्याला अर्ज करायला लावला, तर झोन बदलो न बदलो, जमीन कोणाच्या सहीने विकली जाईल ते तुमच्या हातात राहत नाही. मंजुरीनंतर वर्षाच्या आत काम सुरू करा. कलम ४८ प्रमाणे परवानगी एक वर्ष टिकते, दरवर्षी वाढवून जास्तीत जास्त आणखी तीन वर्षं.

सोमवारी महापालिकेत जाऊन भाग नकाशाची प्रत काढा आणि मोजणीचा अर्ज भूमी अभिलेखला द्या. एजंटचा फोन आला तर त्याला एवढंच विचारा, "महासभेच्या ठरावाची तारीख कोणती?"